भोक पडलेली पिशवी

शास्त्रपाठ : हाग्गय १:१-१५, एज्रा ३:१-१३, मत्तय ६:२५-३४



देवाला जीवनात प्रथम स्थान द्यावे, हे आपणांपैकी कोणास मान्य नाही? परंतु मान्य असणे आणि तसे वागणे यांत अंतर असते. हे अंतर कसे पडत जाते, ते हाग्गय संदेष्ट्याच्या अवघ्या दोन अध्यायांच्या पुस्तकावरून पाहू या.

कोरेश राजाच्या आज्ञेने यहूदी लोक बाबेलहून यरुशलेमेस परतले. त्यांनी वेदी बांधली व मंदिराचा पाया घातला. मग शेजाऱ्यांनी विरोध केला आणि काम थांबले. ते सुमारे सोळा वर्षे तसेच राहिले. इ. स. पूर्व ५२० मध्ये, दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, हाग्गयाच्या द्वारे देव बोलला.

१. वेदी पेटलेली होती. हे लोक देवाला विसरले नव्हते. मंदिराचा पाया घालण्यापूर्वीच त्यांनी होमबली व सण सुरू केले होते (एज्रा ३:२-६). उपासना होती, पण मंदिर ओसाड होते. आणि त्यांच्या स्वतःच्या घरांना मात्र तक्तपोशी झाली होती (१:४). यावरून दिसते की, नेमाने उपासनेस जाणे म्हणजे देवाला प्रथम स्थान देणे, असे नेहमीच नसते.

२. नकार नव्हता, चालढकल होती. मंदिर बांधू नये, असे कोणी म्हणाले नाही. अजून वेळ आली नाही, एवढेच ते म्हणत (१:२). प्रारंभी विरोध खरा होता. पुढे त्याचीच सबब झाली. आपणही म्हणतो, मुलीचे लग्न होऊ दे, कर्ज फिटू दे, निवृत्त झालो की प्रभूसाठी वेळच वेळ! देवाला आपण नाही म्हणत नाही, फक्त रांगेत उभे करतो.

३. मिळकत होती, तृप्ती नव्हती. पेरणी पुष्कळ, पीक थोडे. आणि मजुरी जणू भोक पडलेल्या पिशवीत पडत होती (१:६). प्रत्येक टंचाई ही देवाची शिक्षा असते, असे मात्र समजू नये. ईयोबाचे पुस्तक तसे समजू देत नाही. पण आपला काळ व कष्ट कोठे गळून जातात, याचा विचार करण्यास संदेष्टा दोनदा सांगतो (१:५, ७).

येथे स्वतःचे सांगणे भाग आहे. आमचे घर बांधण्यास तीन वर्षे लागली. त्या काळात मी एकही रविवार चुकविला नाही, उपदेशही केले. परंतु सायंकाळची कौटुंबिक उपासना 'घर होईपर्यंत' बंद ठेवली. गृहप्रवेशाच्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्या सात वर्षांच्या मुलास प्रभूची प्रार्थना म्हणावयास सांगितले. त्याला ती निम्मीच येत होती. भिंतींना नवा रंग होता, आणि मी मान खाली घालून उभा होतो. माझी वेदी पेटलेली होती. मंदिर ओसाड होते.

४. आज्ञापालन आधी, पीक नंतर. जरुब्बाबेल, मुख्य याजक यहोशवा व सर्व लोकांनी ऐकले, आणि तेविसाव्या दिवशी, सहाव्या महिन्याच्या चोविसाव्या तारखेस, काम सुरू झाले. देवाने प्रथम धान्य दिले नाही. मी तुमच्याबरोबर आहे, हे आश्वासन दिले (१:१३). पुढे आशीर्वादाचे वचन मिळाले, तेव्हाही द्राक्षवेल व अंजीर यांना फळ नव्हते (२:१९). देवाला प्रथम स्थान देणे हा सौदा नव्हे; तो विश्वास आहे. मत्तय ६:३३ मध्ये प्रभू येशूही अन्नवस्त्राची गरज नाकारीत नाही. तो फक्त क्रम लावून देतो.

त्या लोकांना देवाने आधी सोने मागितले नाही. डोंगरावर जाऊन लाकडे आणा, असे सांगितले (१:८). जे आज हाती घेता येईल, तेवढेच. आम्हीही त्याच रात्री एक स्तोत्र वाचून आरंभ केला. आपल्या घरी मोबाइल हाती घेण्यापूर्वीची दहा मिनिटे, पगारातून प्रथम वेगळे काढलेले दान, रुसलेल्या भावाकडे टाकलेले एक पाऊल, हीच ती लाकडे असतील.

मननासाठी प्रश्न :
१. 'अजून वेळ आली नाही' असे मी देवाला कोणत्या बाबतीत म्हणत आहे?
२. माझ्या पिशवीचे भोक कोठे आहे?
३. या आठवड्यात मी कोणते लाकूड आणणार?

प्रभू आपणां सर्वांस उठून कामास लागण्याची कृपा देवो. आमेन.