बालक, कुटुंब आणि वरिष्ठाची सही

मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळ तालुक्यातील कसाल येथे मालवणकडे जाणारा रस्ता फुटतो. समजा, या फाट्यावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा तिन्हीसांजेपर्यंत एकटाच बसलेला आढळला. चौकशीअंती कळते की वडील वारले, आई मोलमजुरी करते, आणि चुलत्याचे म्हणणे असे की, "ठेवा त्याला आश्रमात, दोन वेळ जेवील तरी!"

चुलत्याच्या म्हणण्यात दुष्टपणा नाही. तथापि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे सूत्र नेमके याच्या उलट आहे. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय. कुटुंब हीच बालकाची पहिली जागा होय. हे सूत्र प्रत्यक्षात उतरविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कामाविषयी ग्रामपातळीवर फारशी माहिती नसते.

१०९८ या क्रमांकावर कोणी कळविले की चक्र फिरू लागते. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. बालकास चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी करावयाची, म्हणजे चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येतो. घरी जाऊन आईची मिळकत, शेजार, शाळेतील हजेरी पाहून जो अहवाल लिहिला जातो, त्यावर मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. घाईने लिहिलेला अहवाल मुलास आईपासून तोडू शकतो. वरिष्ठाची खरी कसोटी असा अहवाल वाचताना, प्रसंगी तो परत पाठविताना लागते. वेळ थोडा, कर्मचारी थोडे, तरी परत पाठवावा लागतो.

या पदापर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. टाटा संस्था (१९३६), मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५), पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) येथून समाजकार्याचे शिक्षण घेऊन काहीजण येतात. बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद लोकसेवा आयोगामार्फत थेट भरले जाते, तसेच मुख्यसेविकेस पदोन्नतीनेही मिळते. पावसाळ्यात वाडीवाडीने चिखल तुडवीत फिरलेल्या मुख्यसेविकेला कागदावरील आकडा कोणत्या घरातून आला हे ठाऊक असते. हे ज्ञान परीक्षेत मिळत नाही, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

अनुताई वाघ यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासमवेत त्यांनी बोर्डी येथे कामास आरंभ केला. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा विचार तेथेच रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने "अंगणवाडी" हा शब्द देशभर नेला. ताराबाईंचे १९७३ साली निधन झाल्यावर संस्थेचा सारा भार अनुताईंनी वाहिला. हिशेब, अनुदान, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण ही कामे रुक्ष खरी. परंतु ती झाली नसती तर अंगणातील फळाही उभा राहिला नसता.

कसालच्या मुलाकडे पुन्हा वळू. आईची इच्छा आहे, बळ नाही, असे तपासणीत निघाले तर बालसंगोपन योजना उपलब्ध आहे. २०२३ पासून तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये आहे. आदेश समिती देते. प्रस्ताव मात्र पूर्ण व वेळेवर पोहोचवावा लागतो. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, बँक खाते यांपैकी एक कागद राहिला तरी प्रकरण महिनोन्महिने पडून राहते. येथे सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने पुढे व्हावे. दाखला मिळवून देणे, आई कामावर असता मूल कोठे असते हे पाहणे, वर्गशिक्षकाने गैरहजेरीची नोंद त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेस कळविणे, एवढे तरी गावात होऊ शकते. आदेशानंतरही घरी भेट देण्याचे काम उरतेच, आणि त्या भेटीची तारीख वरिष्ठाने आपल्या टेबलावरील वहीत लिहून ठेवावयाची असते.