डीलरलाही नाद लागतो का?

सावंतवाडीकडच्या एका आईंनी लिहिलंय : ‘मुलगा पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोत डीलर आहे. रोज डोळ्यांसमोर जुगार. तोही खेळायला लागला तर?’

ताई, भीती अनाठायी नाही. संशोधक हॉवर्ड शेफर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली अमेरिकेतल्या कॅसिनो कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जुगाराचं तीव्र व्यसन त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा जास्त निघालं. व्यसनाच्या अलीकडचा, सौम्य त्रास मात्र कमी. मी त्याचा अर्थ असा लावतो : हरणारे रोज पाहून बरेच जण शहाणे होतात, पण जो घसरतो तो तळाला जातो. मकावमध्ये तर डिसेंबर 2019 पासून कॅसिनोतल्या कर्मचाऱ्यांना ड्युटी संपल्यावर जुगाराच्या दालनात पाऊल टाकायला बंदी आहे. सूट फक्त चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस.

डीलरला हिशेब पाठ असतो. एका शून्याच्या रूलेटला घरं 37, आणि एका आकड्यावर जिंकलात तर लावलेली रक्कम परत आणि वर 35 पट. म्हणजे लावलेल्या दर शंभरातले सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचे. मग तो का खेळेल? कारण ओढ हिशेबातून येत नाही. बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसलं की मेंदूतलं डोपामिन जास्त उसळतं, आणि ‘थोडक्यात हुकलं’ हेही मेंदूला जवळपास जिंकल्यासारखंच वाटतं. त्यात रात्रपाळी : अपुऱ्या झोपेने मनाचा ब्रेक ढिला पडतो. दिवसभर लाखांच्या चिप्स सरकवणाऱ्याला स्वतःचे पाच हजार किरकोळ वाटू लागतात, तेही आहेच.

तो स्वतःच्या टेबलावर खेळेल, ही काळजी सोडा. तिथे कॅमेरे डोक्यावर असतात. धोका खिशातल्या मोबाइलचा. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली बंदीचा कायदा झाला, तरी चोरवाटा आहेतच.

पगार झाल्यावर आठवड्यात उसनवारी, फोन लपवणं, खर्चाबद्दल विचारल्यावर चिडणं, ‘गेलेले एकदा परत आले की बास’ ही भाषा : यातलं काही दिसलं तर विचारा, पण आरोपीला विचारतात तसं नको. आणि दागिने मोडून कर्ज फेडू नका. उपचार सुरू होण्याआधी दिलेला पैसा बहुधा पुन्हा डावावरच जातो.

जुगाराचा नाद हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याची नोंद आहे. विचार आणि सवयी बदलणारं समुपदेशन उपयोगी पडतं, काहींना नॅलट्रेक्सोन हे औषधही देतात. (घरातल्या वडीलधाऱ्यांना कंपवाताच्या प्रामिपेक्सोलवर असताना अचानक जुगाराचा नाद लागला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी मनाने बंद करू नका.)

बांबोळीच्या सरकारी मनोविकार रुग्णालयात त्याला दाखवता येईल. कर्जाच्या ओझ्याखाली तो ‘जगून काय करू’ असं बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि पलीकडे मराठीत बोलणारं माणूस मिळतं.