नाताळच्या नाटकात आपलं मूल

प्रश्न : मुलगी कॉन्व्हेंट शाळेत पहिलीत आहे. शाळेत रोज प्रार्थना असते. नाताळच्या नाटकात ती देवदूत होणार आहे. सासूबाईंना हे खटकतं. धर्मशिक्षणाच्या तासाला तिला बसावंच लागेल का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : नाही. राज्यघटनेच्या कलम ३०नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क आहे. मात्र कलम २८(३)प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धर्मशिक्षण वा उपासनेत भाग घ्यायला लावायचं, तर पालकांची संमती हवी. अनेक कॅथलिक शाळांत कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला बसतात, तेव्हा इतरांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. तुमच्या शाळेत काय पद्धत आहे, ते वर्गशिक्षिकेला विचारा. संमती नसेल, तर मुख्याध्यापिकांना लेखी कळवा.

नाटकाचं मात्र वेगळं आहे. वाक्य पाठ करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चारचौघांत मोठ्यानं बोलणं हे सहा वर्षांचं मूल अशा तालमींतूनच शिकतं. नाटकातून तिचं नाव काढून घेण्याआधी मुलीला काय वाटतं, ते विचारा. ती खूश असेल, तर तिला काम करू द्या आणि सासूबाईंनाही प्रयोगाला घेऊन जा.