रोहिणींतील प्रवाह आणि संगणक

वसईच्या वाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस पाट म्हणजे काय हें सांगावयास नको. विहिरीचें पाणी पाटानें केळींच्या आळ्यांपर्यंत जातें. पाटांत गाळ सांचला, तर शेवटच्या केळीस तें कमी पोंचतें. आमच्या शरीरांतहि असे पाट आहेत. हृदयापासून रक्त नेणाऱ्या या नळ्यांस रोहिणी किंवा धमनी म्हणतात. वाढतें वय, धूम्रपान, मधुमेह, रक्ताचा वाढलेला दाब इत्यादि कारणांनीं त्यांच्या भिंतींत मेद सांचतो व मार्ग अरुंद होतो. खुद्द हृदयाच्या स्नायूंस रक्त पुरविणारी रोहिणी अशी अरुंद झाली, म्हणजे श्रम करितांना छातींत कळ येऊं लागते.

नळीचा व्यास निम्मा झाला, तर प्रवाहहि निम्मा होईल, असें पुष्कळांस वाटेल. परंतु तसें नाहीं. प्वाझय या फ्रेंच वैद्यानें १८४० च्या सुमारास बारीक कांचनळ्यांतून पाणी सोडून दाखविलें कीं, दाब तोच ठेविला असतां प्रवाह व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत बदलतो. म्हणजे व्यास निम्मा होतांच प्रवाह एक षोडशांशच उरतो! विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

तथापि हा नियम सरळ, लांब नळींतील संथ प्रवाहाचा आहे. रोहिणी वांकडी असते, तिला फांटे फुटतात, व रक्त प्रत्येक ठोक्यासरशी उसळतें. भाईंदर-नायगांवमधील खाडीपुलाच्या खांबांमधून ओहोटीचें पाणी जसें वेगानें निघून पुढें भोंवरे करितें, तसेंच अरुंद रोहिणींतील रक्ताचेंहि होतें. अशा प्रवाहाचीं समीकरणें नाव्हिए व स्टोक्स यांनीं एकोणिसाव्या शतकांतच मांडलीं. पण खऱ्या रोहिणीच्या आकारासाठीं तीं हातानें सोडविणें अशक्यच.

तें काम संगणक करितो. रोग्याच्या सी. टी. स्कॅनच्या चित्रांवरून रोहिणीचा आकार घेऊन तो त्याचे लक्षावधि सूक्ष्म भाग पाडतो, व प्रत्येक भागांतील वेग आणि दाब क्षणाक्षणाला काढतो. अशा महागणितांस लागणारीं यंत्रें आपल्याकडेहि घडलीं आहेत. पुणें येथें १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला.

या गणिताचा रोग्यास उपयोग काय? अडथळ्यापलीकडील दाबास अलीकडील दाबानें भागावें. अलीकडे १०० व पलीकडे ९० असल्यास उत्तर ०.९० येतें, तेथें बहुधा औषध व पथ्य पुरतें. उत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आल्यास अडथळा खरोखर रक्त अडवितो असें समजतात. पूर्वीं हें मोजण्यास रोहिणींत बारीक तार घालावीच लागे. अमेरिकेंत २०१४ सालीं संगणकाच्या गणितासहि सरकारी मान्यता मिळाली. अर्थात् चित्र अस्पष्ट असल्यास गणितहि चुकतें, म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ‘अमुक टक्के अडथळा’ एवढ्यावरून सर्व कळत नाहीं. पलीकडे रक्त किती पोंचतें, हाच खरा प्रश्न होय. आणि विद्यार्थ्यांनो, घातांचें गणित रुक्ष वाटेल तेव्हां स्मरा कीं, कोणाच्या तरी वडिलांच्या छातीवर शस्त्र चालवावें कीं नाहीं, हें ठरविण्यास तेंच साहाय्य करीत आहे.