विजेचा आघात आणि शरीरातील प्रथिने

आपला पांढुर्णा-सौसरचा मुलूख संत्र्यांच्या बागांचा आणि कपाशीचा. विहिरीवरील विजेची मोटार ही येथील शेतीचा आधारच होय. ओल्या हातांनी स्टार्टरचे बटण दाबताना कोणास झटका बसतो. तो मनुष्य दूर फेकला जातो, क्षणभराने उठतो आणि काही झाले नाही असे म्हणून कामास लागतो. त्वचेवर डागही नसतो. मग आतही काही झाले नसेल काय? या प्रश्नाचा आपण येथे विचार करू.

प्रथम थोडे गणित पाहू. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरड्या त्वचेचा रोध सुमारे १ लाख ओहम धरला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे शरीरातून २.३ मिलिअँपिअर प्रवाह जाईल व केवळ मुंग्या येतील. त्वचा ओली असता हाच रोध १ हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. १० ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आखडून धरलेली तार सुटत नाही, आणि १०० च्या आसपासचा प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

त्वचेच्या आत रक्त, स्नायू व मज्जातंतू आहेत. ते खारट द्रवाने भरलेले असल्यामुळे वीज त्यांतून सहज वाहते. त्यांची घडण मुख्यतः पाणी आणि प्रथिने यांची. १८३८ मध्ये मल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने या द्रव्यास दिलेले नाव 'प्रथम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आपला 'प्रथिन' हा शब्दही तीच आठवण करून देतो.

वीज या प्रथिनांना दोन मार्गांनी इजा करते. पहिला मार्ग उष्णतेचा. अंडे उकडले की त्यातील पारदर्शक द्रव पांढरा व घट्ट होतो, आणि काही केले तरी तो पूर्ववत होत नाही. प्रखर प्रवाहाने तापलेल्या स्नायूंतील प्रथिनांची गतही तशीच होते. दुसरा मार्ग असा, की तीव्र विद्युत्दाबाने पेशींच्या पातळ आवरणास सूक्ष्म छिद्रे पडतात आणि आतील प्रथिने रक्तात झिरपतात. स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन अशा रीतीने मोठ्या प्रमाणात बाहेर पडले, तर लघवी गडद तांबूस होते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उत्पन्न होतो.

हातातून शिरलेला प्रवाह पायांवाटे जमिनीत उतरतो, तेव्हा हृदयाप्रमाणेच ओटीपोटही त्याच्या वाटेत येते. पुरुषबीज निर्माण करणाऱ्या ग्रंथींचे कार्य शरीराहून काही अंश कमी तापमानातच नीट चालते. म्हणून उष्णता त्यांस विशेष बाधक ठरते. गर्भाभोवतीचे पाणीही विजेचे सुवाहक आहे. यास्तव गर्भवती स्त्रीस झटका बसल्यास, तिला बरे वाटत असले तरी, तिची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे.

आघातानंतर सर्वच प्रथिने घटतात असे मात्र नव्हे. १९६२ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ रितोसा यांनी दाखवून दिले, की फळमाशीच्या पेशींना जास्त उष्णता लागताच त्यांतील काही विशिष्ट जनुके एकाएकी जागी होतात. बिघडलेल्या प्रथिनांना सावरणारी रक्षक प्रथिने या जनुकांपासून तयार होतात, हे पुढे कळून आले. म्हणून इजा झालेल्या ऊतीत काही प्रथिनांचे प्रमाण उतरते, तर काहींचे चढते. आणि हे चढउतार मोजून, डोळ्यांना न दिसणाऱ्या इजेचा माग शास्त्रज्ञ काढतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. त्वचेवरील डाग हे आतील इजेचे माप नव्हे. जबर झटका बसलेला मनुष्य उठून चालू लागला, तरी त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे. कोणी तारेस चिकटला असेल, तर प्रथम मुख्य बटण बंद करावे. त्यास उघड्या हाताने शिवू नये. उच्च दाबाची तार तुटून पडली असल्यास जवळ न जाता वीज कचेरीस कळवावे. श्वास बंद पडला असेल, तर सुरक्षित झाल्यावर तत्काळ छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मित्रहो, हा पाठ परीक्षेपुरता न ठेवता आपापल्या घरी वाचून दाखवा. मोटारीवर जाणाऱ्या वडिलांना कोरड्या हातांची आणि पायांतील रबरी जोड्यांची आठवण तुम्ही करून दिलीत, तर आम्ही आमचे लेखन सार्थकी लागले असे समजू.