बी.एड.चा प्रकल्प विकत आणू नका, गावच्या विहिरीवर जा

मुलगा किंवा मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात गेली की घरात दोन प्रश्न सुरू होतात. पहिला, नोकरी कुठे लागणार? दुसरा, पर्यावरण शिक्षणाच्या प्रकल्पासाठी उन्हातान्हात गावोगाव हिंडायचे कशाला? तयार अहवाल मिळतो, नाव बदलले, बाइंडिंग केले की झाले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी सरळ देतो, कारण ते टाळून दुसऱ्यावर बोलण्यात अर्थ नाही.

'पर्यावरण शिक्षक' अशी स्वतंत्र जागा आपल्या शाळांत सहसा निघत नाही. विषय मात्र सगळीकडे आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिला. आपल्याकडे प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आली, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षणाची प्रकल्पवही असते. हे सगळे शिकवतात ते विज्ञानाचे, भूगोलाचे, कधी कधी ज्यांचे तास कमी भरतात ते शिक्षक. म्हणून हा विषय एकटा धरून चालू नका. तुमचा मूळ अध्यापन विषय पक्का ठेवा आणि पर्यावरण त्याला जोडा.

भरतीची वाटही पालकांनी नीट समजून घ्यावी. टीईटी, मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, असा क्रम आहे. टीईटीच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाला आहेत. पण पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्यांना लहान मुलांतच रमायचे आहे त्यांनी बी.एड.ला पैसे भरण्याआधी याचा विचार करावा. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम सध्या वरचेवर बदलत आहेत, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

आता प्रकल्प. त्याचे गुण अभियोग्यता चाचणीत धरत नाहीत, हे खरेच. पण मुलाखत आणि नमुना पाठ घेऊन शिक्षक निवडणाऱ्या संस्थांमध्ये फळ्यासमोर उभे राहावे लागते. तिथे विकतचा अहवाल दोन प्रश्नांत उघडा पडतो, आणि स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलताना उमेदवाराचा आवाजच बदलतो. शिवाय नोकरी लागल्यावर हाच विषय वाट्याला येणार आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शालेय आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. एकाच शाळेतली तीच मुले इतके दिवस सलग मिळण्याची ही संधी पुन्हा येत नाही.

बहुतेक प्रकल्पांचा साचा एकच असतो. 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांमधील पर्यावरणविषयक जाणिवेचा अभ्यास', तीसेक मुले, पूर्वचाचणी, एक व्याख्यान, उत्तरचाचणी, सरासरी वाढली, निष्कर्ष सकारात्मक. काल सांगितलेले मुलांनी आज लिहिले, एवढेच त्यातून कळते. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे सांगताना जाणीव आणि ज्ञानावर न थांबता वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग त्यांत घातला. चाचणीच्या कागदावर हे शेवटचे तीन दिसत नाहीत. ते दिसायला मुलांच्या हाताला काम लागते.

मी सुचवीन ती विहीर. आंतरवासितेच्या गावात भक्कम कठडा असलेली एक विहीर निवडा. मुख्याध्यापकांची आणि मालकाची परवानगी घ्या. लांब दोरी आणा, दर मीटरला रंगीत चिंधीची गाठ मारा, टोकाला दगड बांधा. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर आठवड्याला त्याच खुणेवरून दोरी सोडा. दोरी तुम्ही धरायची, मुलांनी हातभर मागे उभे राहून गाठी मोजायच्या. दगड पाण्याला टेकला की दोरीवर खुणेपाशी बोट धरून ती वर घ्या आणि दगडासकट जेवढा भाग ओला झाला तेवढा मापातून वजा करा. मोजमाप सकाळी, मोटार सुरू होण्याआधी करा, कारण उपसा झाल्यावर पाणी पुन्हा स्थिरावायला वेळ लागतो. शाळेच्या आवारात सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी ठेवून पाऊसही मोजा. दोन्ही आकडे एकाच आलेख कागदावर येऊ द्या.

काही आठवड्यांनी मुले स्वतःच विचारतात, पाऊस तर सोमवारी पडला, मग विहिरीचे पाणी लगेच का चढले नाही? तिथून खडक, माती, मुरणे, उपसा, सगळे आपोआप निघते. तापीकाठचा गाळ आणि साक्री-धुळ्याचा काळा पाषाण यांत पाणी सारखे मुरत नाही, हे पुस्तकात एक ओळ असते. इथे ते मुलांच्या वहीत उतरते. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या मुलांजवळ आठवड्याची नोंद असेल. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उघड्या विहिरी आटून ट्यूबवेल आल्या, तिथे दोरी चालणार नाही. तिथे मुलांनी घरी विचारावे, मोटार कोणत्या साली किती फुटांवर उतरवली. हा हिशेब शेतकऱ्याला तोंडपाठ असतो.

विहीर नको असेल तर पांझरेकाठची फड पद्धती पाहा. काही शतकांची ही व्यवस्था: नदीवर बंधारा, पाट, आणि शेताचे तीन-चार फड. एका फडात एक पीक, प्रत्येक शेतकऱ्याची थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडले तरी कपात सगळ्यांना सारखी. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसे गावानेच नेमलेली. यात गणित आहे, इतिहास आहे, नागरिकशास्त्र तर आहेच. साक्री तालुक्यात आंतरवासिता असेल तर बारीपाडा जवळ आहे. तिथले जंगल राखणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तिथली वनभाज्यांची स्पर्धा जिल्ह्याबाहेरही माहीत झाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराई आणि कुऱ्हाड थांबवून माळावर गवत परत आणले. मात्र 'भेट दिली, माहिती घेतली, छायाचित्रे काढली' एवढ्यावर प्रकल्प होत नाही. आपल्या शाळेमागच्या टेकडीचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा आखून त्यात किती जातींचे गवत आहे, हे मुलांना मोजायला लावा.

शिरपूरचा विषय मला विशेष मोलाचा वाटतो. २००४ पासून तिथे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले गेले, आणि 'शिरपूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गेले. विहिरींना पाणी आल्याचे शेतकरी सांगतात. दुसरीकडे, एवढी खोल खोदाई सगळ्या प्रकारच्या भूस्तरात योग्य नाही, असा जाणकारांचा आक्षेपही आहे. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा, त्यांना प्रश्न काढू द्या, शेतकऱ्यांना विचारू द्या. घोषणा पाठ करण्यापेक्षा पुरावा तोलणे शिकवणारा शिक्षक आपल्याला हवा आहे.

अहवाल लहान असला तरी चालेल. त्यात मुलांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी जशाच्या तशा लावा, चुकलेले मोजमाप खोडू नका, ते का चुकले ते लिहा. बाह्यपरीक्षक तिथेच थांबून वाचतात.

पुढच्या वाटाही याच कामातून दिसतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून काम करते. पाणलोटात आणि शाळांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनाही गावात जाऊन मुलांशी बोलू शकणारी माणसे लागतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे पालकांनी गृहीत धरावे.

पालकांना एक विनंती आहे. मुलीला 'कशाला हिंडतेस' असे म्हणू नका. पहिल्या भेटीला हवे तर सोबत जा, शाळेतल्या बाईंना भेटा, गाव पाहून घ्या. आणि तयार अहवालासाठी बाजूला काढलेल्या पैशांत तिला चांगली दोरी, आलेख वही आणि एसटीचा पास घेऊन द्या.