पिकाचें छायाचित्र पाठविण्यापूर्वीं

पिकावर रोग अगर कीड दिसूं लागली म्हणजे रोगट पान किंवा अळी कागदांत गुंडाळून जाणत्या माणसाकडे नेण्याची चाल जुनी आहे. आतां बहुतेक शेतकऱ्यांजवळ कॅमेरा असलेला मोबाईल असल्यामुळें पानाचें छायाचित्र कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञाकडे बांधावरूनच पाठवितां येतें. सोय मोठी आहे. परंतु तिचा पुरता लाभ मिळण्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक, छायाचित्राची फाईल इतकी जड असते कीं, गांवच्या मंद नेटवर्कवरून ती पुढें सरकत नाहीं, किंवा ऑनलाईन अर्ज भरतांना मर्यादेबाहेरची म्हणून ती नाकारली जाते. दुसरी, फाईल कशीबशी हलकी करून पाठविली जाते; पण ज्या खुणेवरून कीड ओळखावयाची ती खूणच तींत उरलेली नसते. पहिल्या अडचणींत वेळ जातो. दुसरींत पीक जाण्याचा संभव असतो. कारण अंधुक चित्रावरून निदान चुकलें तर भलतेंच औषध फवारलें जातें व खर्च होऊनहि कीड तशीच राहते. म्हणून फाईल हलकी कशी करावी आणि ती हलकी करतांना काय राखावें, या दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे.

वजन कशामुळें येतें?

मोबाईलनें घेतलेलें छायाचित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. चित्राची लांबी ४००० पिक्सेल व रुंदी ३००० पिक्सेल असेल तर त्यांत एकंदर १ कोटि २० लक्ष पिक्सेल भरतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग नोंदण्यास साधारणतः ३ बाइट लागतात. म्हणजे सबंध चित्रास ३ कोटि ६० लक्ष बाइट, अर्थात् ३६ एमबी जागा लागावी. प्रत्यक्षांत अशी फाईल बहुधा ३ ते ५ एमबीच भरते. याचें कारण असें कीं, चित्र सांठवितांनाच मोबाईल त्याचा संक्षेप करतो.

या संक्षेपाची सर्वांत रूढ पद्धति जेपेग ही होय. तिचें प्रमाण १९९२ सालीं ठरलें. तिच्या मुळाशीं असलेली गणिती रीत नासिर अहमद यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं प्रसिद्ध केली. हे अहमद मूळचे बंगलोरचे. या पद्धतींत चित्राचे आठ पिक्सेल लांब व आठ पिक्सेल रुंद असे जणूं वाफे पाडले जातात. प्रत्येक वाफ्यांतील उजेड-अंधाराचा ठळक फरक नीट नोंदतात, आणि अतिशय बारीक फरक ढोबळ करतात अगर सोडून देतात. मनुष्याच्या डोळ्यास प्रकाशाचा फरक जितका सूक्ष्म कळतो तितका रंगाचा कळत नाहीं. म्हणून रंगाची नोंद बहुधा आणखी विरळ ठेवतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं, मोकळ्या आकाशाच्या चित्राचें वजन थोडें, तर गवत, पानें व ढेकळें यांनीं भरलेल्या चित्राचें वजन तितक्याच पिक्सेलांत पुष्कळ अधिक भरतें. दुसरी ही कीं, संक्षेपांत प्रथम जातो तो बारीक तपशील. आणि एकदां गेलेला तपशील मागाहून चित्र मोठें केल्यानें परत येत नाहीं.

प्रथम काय राखावयाचें तें ठरवावें

फाईल हलकी करण्याचे मार्ग तीन आहेत: अनावश्यक भाग कातरून टाकणें, पिक्सेल कमी करणें व संक्षेप वाढविणें. यांचा क्रमहि हाच असावा. पुष्कळ लोक पहिले दोन मार्ग सोडून एकदम तिसरा धरतात आणि चित्र बिघडवून बसतात.

उदाहरणार्थ मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी घेऊं. ही कीड भारतांत प्रथम २०१८ सालीं कर्नाटकांत मक्यावर आढळली. मक्यावर इतर अळ्याहि पडतात. त्यांतून ही अळी ओळखण्याच्या खुणा दोन: डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ, आणि शेपटाजवळच्या वलयावर चौकोनांत मांडलेले चार गडद ठिपके. हिशेबासाठीं एक ठिपका १ मिलिमीटर रुंद धरूं. दोन मीटर लांबीचा देखावा ४००० पिक्सेलांत घेतला तर त्या ठिपक्याच्या वांट्यास दोनच पिक्सेल येतात. तें चित्र १६०० पिक्सेल लांबीचें केलें कीं, ठिपक्यास एक पिक्सेलहि पुरता मिळत नाहीं. चारी ठिपके पुसले जातात. याच्या उलट, मोबाईल जवळ नेऊन केवळ १० सेंटिमीटर लांबीचा भाग टिपला तर मूळ चित्रांत ठिपक्यास ४० पिक्सेल मिळतात व १६०० पिक्सेलांच्या चित्रांतहि १६ उरतात. दोन्ही चित्रांतील पिक्सेल सारखेच. पण पहिलें निदानास निरुपयोगी व दुसरें पुरेसें.

म्हणून चित्र घेतांनाच रोगाच्या जागेजवळ जावें. फार जवळ गेल्यानें चित्र अस्पष्ट होत असेल तर थोडें मागें सरून घ्यावें आणि मग भोंवतालचा भाग कातरावा. अळी किंवा तोडलेलें पान साध्या पांढऱ्या कागदावर ठेवावें. पार्श्वभूमि सपाट असल्यामुळें फाईल आपोआप हलकी होते आणि खूणहि उठून दिसते. अंधाऱ्या जागीं घेतलेल्या चित्रांत रवाळपणा येतो व त्यानें वजन वाढतें. यासाठीं दिवसाच्या उजेडांत, पण कडक ऊन टाळून, चित्र घ्यावें. या जवळच्या चित्रासोबत सबंध झाडाचें एक व शेताचें एक अशीं चित्रें पाठवावीं. त्यांवरून प्रादुर्भावाचा पसारा समजतो, आणि तीं पुष्कळ हलकीं केलीं तरी चालतात.

पिक्सेल व संक्षेप

कातरल्यानंतर चित्राची लांबी-रुंदी कमी करावी. ४००० गुणिले ३००० चें चित्र १६०० गुणिले १२०० केलें म्हणजे पिक्सेल १ कोटि २० लक्षांवरून १९ लक्ष २० हजारांवर, म्हणजे एक षष्ठांशाहूनहि खालीं येतात. लांबी व रुंदी यांचें प्रमाण मात्र कायम ठेवावें. नाहीं तर पान ताणल्यासारखें दिसतें.

तिसरा उपाय संक्षेपाचा. जेपेग फाईल तयार करतांना पुष्कळ साधनांत ‘क्वालिटी’ नांवाचा आंकडा १०० पर्यंत निवडतां येतो. १०० निवडल्यानें वजन फार वाढतें व डोळ्यास फरक क्वचितच दिसतो. ७५ ते ८५ हा आंकडा सामान्यतः योग्य. ५० च्या खालीं वर सांगितलेल्या वाफ्यांच्या कडा दिसूं लागतात. १६०० गुणिले १२०० चें चित्र ८० च्या सुमारास सांठविलें तर तें बहुधा ३०० ते ५०० केबी भरतें. अर्जावर १०० अगर २०० केबीची मर्यादा असेल तर क्वालिटी २० वर आणूं नये. लांबीच १००० अगर ८०० पिक्सेल करावी.

यानें वेळ किती वांचतो तें पाहा. ४ एमबीची फाईल म्हणजे ३ कोटि २० लक्ष बिट. नेटवर्क सेकंदास २ लक्ष बिट नेत असेल तर तिला १६० सेकंद लागतात, व मध्येंच जोडणी तुटली तर बहुधा प्रारंभापासून यत्न करावा लागतो. ४०० केबीच्या फाईलीस त्याच नेटवर्कवर १६ सेकंद पुरतात.

साधनें

मोबाईलच्या गॅलरींत कातरण्याची सोय असतेच. संगणकावर विंडोजमधील पेंट या साधनांत ‘क्रॉप’ व ‘रिसाईझ’ ही दोन्ही कामें होतात. क्वालिटीचा आंकडा निवडावयाचा असेल तर गिंप हें साधन विनामूल्य मिळतें. स्कूश हें साधन ब्राउझरमध्यें चालतें. तें मूळ व हलकें चित्र शेजारीं-शेजारीं दाखवून वजन सांगतें, आणि काम आपल्याच यंत्रांत होत असल्यामुळें चित्र बाहेर जात नाहीं. आयफोनमध्यें २०१७ पासून हाईक नांवाचा निराळा प्रकार आला आहे. तो वजनास हलका असला तरी कांहीं संकेतस्थळें तो स्वीकारीत नाहींत. अशा वेळीं चित्र जेपेगमध्यें बदलून घ्यावें.

कोणतेंहि साधन वापरलें तरी मूळ फाईल बियाण्यासारखी निराळी राखून ठेवावी. जेपेग चित्र बदलून सांठवावें तितक्या वेळां त्याचा पुन्हां संक्षेप होतो व तपशील झिजत जातो. दुसरी लहान प्रत हवी असेल तर ती मूळ फाईलीवरूनच काढावी, हलक्या प्रतीवरून काढूं नये.

पाठवितांना घ्यावयाची काळजी

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमींच्या रीतीनें पाठविलें तर तें आपण होऊन त्याचा संक्षेप करतें. २०२३ पासून त्यांत एचडी असा अधिक स्पष्ट पर्याय मिळतो. आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास फाईल जशीच्या तशी जाते. आपण विचारपूर्वक हलकें केलेलें चित्र याच शेवटच्या मार्गानें पाठवावें, म्हणजे त्याची दुसऱ्यांदा छाटणी होत नाहीं.

मूळ फाईलींत चित्राखेरीज दिनांक, वेळ व, कॅमेऱ्यास परवानगी दिली असल्यास, जागेचे अक्षांश-रेखांशहि नोंदलेले असतात. फाईल हलकी करतांना ही नोंद पुष्कळदां पुसली जाते. नुकसानीच्या दाव्यांत तिची गरज पडण्याचा संभव असतो. मूळ प्रत जपण्याचें हें दुसरें कारण होय. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या कामांत तर पिकाचें चित्र त्या अ‍ॅपमधूनच घ्यावयाचें असतें. याच्या उलट, बैल किंवा अवजार विक्रीस काढून त्याचें चित्र सर्वांसाठीं खुलें करतांना आपल्या घराची जागा त्यांत नोंदलेली नसणेंच बरें.

सातबारा, पावती अशा कागदांचें चित्र असेल तर टेबलाच्या कडा कातराव्या, कागद सरळ धरावा व रंगाची जरूर नसल्यास चित्र करड्या रंगांत सांठवावें. अक्षरें बारीक असल्यामुळें अति संक्षेपानें तीं फुटतात. गट नंबर व रक्कम वाचतां येते कीं नाहीं तें पाहावें.

पाठविण्यापूर्वीं हलकी केलेली फाईल उघडून व मोठी करून एकवार तपासावी. ज्या खुणेसाठीं चित्र घेतलें ती त्यांत स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मूळ प्रतीवरून पुन्हां, कमी छाटून, चित्र तयार करावें; आणि मूळ प्रतींतच ती नसेल तर अळी पानावर आहे तोंवर दुसरें चित्र घ्यावें. हें काम शेतांत असतांनाच उरकावें. घरीं आल्यावर फाईल कितीहि सुधारली तरी मुळांत न टिपलेली खूण तींत येणार नाहीं.